हात ठणठणीत, तरी बोटे का ऐकत नाहीत?

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर ऐन पस्तिशीत, १९६४ च्या सुमारास, नावारूपाला आले होते. तेव्हाच त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. बोटांत ताकद होती, लकवा नव्हता. या विकाराचे नाव, फोकल डिस्टोनिया, त्यांना कळायला अनेक वर्षे गेली.

बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी बोटे ओढतात. त्यामुळे एक बोट हलवताना शेजारचे स्थिर ठेवणे हेही मेंदूचेच काम. तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अनामिका उचलून पाहा, किती जड जाते ते.

हालचालीचा हुकूम मोटर कॉर्टेक्स सोडतो. लहान मेंदू पुढचा अंदाज बांधतो आणि चुका सुधारतो. कारण बोटाची खबर मेंदूत पोहोचून दुरुस्ती होईपर्यंत जलद वादक पुढच्या सुरावर गेलेला असतो. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाची तऱ्हा वेगळी. तिथला ब्रेक कायम दाबलेला असतो. हव्या त्या हालचालीपुरता तो सुटतो, बाकीच्यांवर तसाच राहतो. सफाईदार हात म्हणजे बऱ्याच अंशी नको त्या हालचाली अडवणारा हात.

डिस्टोनियात हा ब्रेक सैल पडतो. शिवाय मेंदूतल्या बोटांच्या नकाशात शेजारच्या बोटांच्या सीमा पुसट होतात. गंमत म्हणा की क्रौर्य, पण तोच हात शर्टाची बटणे बिनघोर लावू शकतो. बिघाड हाताचा नसून त्या विशिष्ट कौशल्याच्या सर्किटचा असतो. म्हणूनच जिद्दी वादकाचा पहिला उपाय, म्हणजे दुप्पट रियाझ, इथे उलटू शकतो: चुकीची हालचालच घोटली जाते. सतत लिहिणाऱ्यांचा हात लिहितानाच आखडतो, तोही याच जातीचा विकार.

फ्लायशर शिकवू लागले, वाद्यवृंदाचे संचालन करू लागले, एका डाव्या हाताने वाजवू लागले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनश्टाइनसाठी राव्हेलने रचलेला कॉन्चेर्टो त्यांच्या कामी आला. १९९० च्या दशकात त्यांना बोटॉक्सची इंजेक्शने मिळाली. त्याने सर्किट दुरुस्त होत नाही. अति आवळणारा स्नायू काही महिने ढिला पडतो, इतकेच. २००४ मध्ये त्यांचा ‘टू हँड्स’ हा अल्बम आला. इंजेक्शने मात्र त्यानंतरही घ्यावी लागत होती.