दोन कोटेशनांतून एक निवडताना

परीक्षा संपली की मुले तालुक्याच्या गावी जातात आणि येताना कॉम्प्युटरची दोन कोटेशने घेऊन येतात. गेम खेळता यावेत आणि अभ्यासही व्हावा, असे यंत्र त्यांना हवे असते. दोन्ही कागदांवरचा शेवटचा आकडा जवळजवळ सारखा. मधल्या आठ-दहा ओळी मात्र इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या. पैसे देणाऱ्याला त्या उमगत नाहीत आणि मागणाऱ्याला नीट समजावून सांगता येत नाहीत. मग एक तर रागाने ‘नको’ म्हटले जाते, नाही तर डोळे मिटून ‘घे’. वाचकहो, बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आपण उलटसुलट करून वाचतो. हा कागदही तसाच वाचता येतो.

मध्यम किमतीच्या यंत्राच्या दोन याद्या घेऊ. पहिलीत रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ जातीची १६ जीबी मेमरी आणि रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी हे १६ जीबीचे ग्राफिक कार्ड आहे. दुसरीत रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ जातीची १६ जीबी मेमरी आणि तेच कार्ड, पण ८ जीबीचे. म्हणजे पहिल्या दुकानदाराने पाया जुना घेऊन वाचलेला पैसा कार्डात घातला. दुसऱ्याने पाया नवा घेतला आणि कार्डात काटकसर केली.

या दोन भागांतला फरक ध्यानात ठेवा. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी ही विहीर समजा आणि कार्ड ही मोटार. मोटार पुढे बदलता येते. विहीर पुन्हा खणायची तर सगळाच खर्च नव्याने. कार्ड स्क्रू काढून तासाभरात बदलते. पहिल्या यादीचा पाया मात्र २०१७ साली बाजारात आलेल्या एएम४ या बैठकीचा आहे. तिच्यावर नव्या पिढीचे प्रोसेसर बसत नाहीत आणि डीडीआर४ मेमरी नव्या बोर्डात चालत नाही. पुढची पायरी चढायची झाली तर तिन्ही वस्तू एकदम घ्याव्या लागतात. दुसऱ्या यादीची एएम५ बैठक २०२२ ची. तिला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देऊ, असे एएमडी कंपनीने जाहीर केले आहे.

मग दुसरीच चांगली का? तसे सरसकट म्हणता येत नाही. आधी मुलाला किंवा मुलीला विचारा, खेळायचे काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या झटपट नेमबाजीच्या खेळांत प्रोसेसरचा वेग कामी येतो. तिथे दुसरी यादी सरस. डोंगर, शहरे, मोठी दृश्ये असलेल्या नव्या खेळांत भार कार्डावर पडतो. अशा काही खेळांना ८ जीबी अपुरे पडते, चित्र अडखळते आणि दर्जा उतरवून खेळावे लागते. तिथे पहिली यादी बरी.

दुसरा प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारायचा. या यंत्रावर पुन्हा पैसा घालता येईल का? दोन-तीन वर्षांनी कार्डापुरती रक्कम बाजूला निघेल अशी खात्री असेल, तर दुसरी यादी घ्या. पण पैसा एकदाच हाती येणार, पुढचे सगळे पावसावर आणि भावावर, अशी स्थिती असेल तर पहिली घ्या आणि पाच वर्षे त्यावरच काढा. ‘पुढे वाढवता येईल’ या शब्दाला पुढे पैसा असेल तरच किंमत आहे.

दोन्ही कागदांवर एक ओळ मात्र आवर्जून शोधा : एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी. काही वेळा ‘कॅबिनेटसोबत’ एवढेच लिहून ती उरकलेली असते. ते मान्य करू नका. कंपनीचे नाव, वॅट आणि वॉरंटी लिहून घ्या. या दोन्ही यंत्रांना ५५० वॅटची चांगली पेटी पुरते. शेतीपंप सुरू झाले की घरातला दिवा मंदावतो, हे आपण रोज पाहतो. अशा विजेवर हलकी पेटी गेली तर जाताना महागडे भागही घेऊन जाऊ शकते. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट कमी करा. या पेटीत काटकसर नको. घराचे अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

यूपीएस घेताना व्हीएच्या आकड्यावर जाऊ नका, वॅट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपासच भार घेतो. खेळ ऐन भरात असताना यंत्र आणि मॉनिटर मिळून त्या हद्दीजवळ जाऊ शकतात, म्हणून एक पायरी मोठा घ्यावा.

आता बेरीज. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोजचा परवाना आकड्यात धरला आहे का, हे विचारा. स्वस्त दिसणारे कोटेशन इथेच महाग ठरते. दोन्ही दुकानांचे भाव एकाच दिवशीचे असावेत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे महिन्यापूर्वीचा कागद धरून चालणार नाही. शिवाय ५६०० मध्ये चित्र दाखवण्याची सोय नाही. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले तर पडदा काळा. ७६०० मध्ये ती आहे, निदान अभ्यास अडत नाही.

शेवटी एक करा. रात्री जेवणे झाल्यावर दोन्ही कागद मध्ये ठेवा आणि प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे मुलाला मराठीत सांगू द्या. जी ओळ त्याला सांगता येणार नाही, तिच्याखाली रेघ मारा आणि दुकानात तोच प्रश्न आधी विचारा. असे चार प्रश्न विचारून घेतलेले यंत्र घरात सगळ्यांचे होते, आणि पैसे कुठे गेले याचा वाद पुढे उरत नाही.