पहिलं व्हायब्रेटर घेताना

"मॅडम, आत अडकलं तर?" सांगलीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बहुधा तपासणी आटोपल्यावर, दाराशी थबकून विचारला जातो. नाही अडकत. योनीमार्ग गर्भाशयाच्या मुखापाशी संपतो, त्यापुढे जायला वाट नसते. गुदमार्गाचं तसं नाही; तिथे पसरट बूड नसलेली वस्तू कधीच वापरू नये.

जाहिराती लांबी सांगतात. मी जाडी बघायला सांगते. पहिल्यांदा व्यास ३ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असावा. एरवी योनीमार्ग साधारण ७ ते १० सेंटिमीटर खोल असतो, उत्तेजित झाल्यावर वाढतो; त्यामुळे फार लांब काही लागतच नाही. टोक किंचित वळलेलं असेल तर पोटाकडच्या भिंतीवर दाब बसतो. अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी १९५० मध्ये वर्णन केलेली, पुढे 'जी-स्पॉट' म्हणून गाजलेली जागा तीच. पण ते काही वेगळं बटण नव्हे. क्लिटोरिसचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो, हे हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये विच्छेदनातून दाखवलं. नुसत्या आतल्या स्पर्शाने अनेकींना परमोच्च सुख मिळत नाही, आणि त्यात कमीपणा काहीही नाही. म्हणून आधी बाहेरून, सर्वांत कमी वेगावर सुरुवात करा.

वस्तू सिलिकॉनची घ्या. उग्र वासाचं, चिकट, जेलीसारखं मऊ प्लॅस्टिक स्वस्त मिळतं, पण त्याच्या सूक्ष्म छिद्रांतली घाण धुतली जात नाही आणि त्यात थॅलेट्स ही प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं असू शकतात. या वस्तूंसाठी २०२१ पासून आयएसओ ३५३३ हे सुरक्षिततेचं मानक आहे. वंगण पाण्यावर आधारित हवं. सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनचा पृष्ठभाग खराब करू शकतं. आपल्याकडे हात आधी खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, पण तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो.

दुकानात बहुतेकदा 'मसाजर' लिहिलेलं दिसेल. मुंबईत सीमाशुल्क विभागाने असे मसाजर अश्लील ठरवून अडवले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला.

बोट घालतानाही स्नायू आवळून दुखत असेल तर मात्र खरेदी थांबवा आणि तपासून घ्या. त्यावर उपचार आहेत. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावरही आहेत. त्यासाठी दाराशी थबकायची गरज नाही, खुर्चीत बसून विचारा.