न्हाणीघरातील जळण आणि शेतातील खत

हिवाळ्यात पहाटेच्या वेळी खेड्यातून फेरफटका मारल्यास घरोघरच्या परसातून धूर निघताना दिसतो. तो स्वयंपाकाचा नसून आंघोळीच्या पाण्याचा असतो. स्वयंपाकास गॅसची शेगडी आली, तरी पुष्कळ घरांतून आंघोळीचे पाणी अद्याप न्हाणीजवळच्या चुलीवरच तापते, आणि त्या चुलीत सरपणाबरोबर गोवऱ्याही जातात.

याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पाच माणसांच्या कुटुंबास रोज १०० लिटर ऊन पाणी लागते असे धरू. विहिरीचे पाणी २२ अंश सेल्सिअसचे. ते ४२ अंशांपर्यंत तापवावयाचे म्हणजे २,००० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. एक किलो वाळलेली गोवरी जळाली की जवळजवळ एवढी उष्णता निघते. परंतु उघड्या चुलीवर तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास पोहोचतो. बाकीची धुराबरोबर निघून जाते. म्हणून निव्वळ गोवऱ्यांवर पाणी तापवावयाचे तर दहा किलो गोवऱ्या लागतात, आणि तेवढ्या गोवऱ्यांस ४० ते ५० किलो ओले शेण लागते. चार-पाच मोठ्या जनावरांचे दिवसाचे शेण असे एका सकाळच्या आंघोळीत संपते. राखेत पालाश आणि बरेचसे स्फुरद शिल्लक राहते, पण नत्र आणि सेंद्रिय द्रव्य हवेत जाते. नत्राची तूट युरियाच्या गोणीने भरून काढता येईल. सेंद्रिय द्रव्य काही त्या गोणीतून मिळत नाही.

या दृष्टीने जुना तांब्याचा बंब पुष्कळ शहाणपणाचा होता. त्यात जाळ मधल्या नळीत राहतो आणि पाणी त्या नळीच्या सभोवती असते, त्यामुळे उष्णतेस निसटण्यास वाव कमी. पऱ्हाट्यांचे व तुराट्यांचे बारीक तुकडे, नारळाच्या करवंट्या असे किरकोळ जळणही त्यास पुरते. मात्र नळीतील काजळी वरचेवर काढली पाहिजे आणि पाणी भरल्यावाचून बंब कधीही पेटवू नये. जड पाण्याच्या गावी आतून क्षार बसतात. तो थर साचू दिल्यास जळण वाढते.

दारी जनावरे असल्यास गोबरगॅस अधिक श्रेयस्कर. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. वरील १०० लिटर पाण्यास पाऊण ते एक घनमीटर वायू पुरतो, म्हणजे शेण निम्मेच लागते. शिवाय संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र कायम राहून ती शेतास मिळते.

सूर्याच्या उष्णतेस तर सरपणही नको. उन्हात घंगाळ भरून ठेवून त्या पाण्याने मुलांना न्हाऊ घालण्याची रीत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस ठाऊक आहेच. सौर बंब हे तिचेच सुधारलेले रूप होय. १०० लिटरच्या बंबास सुमारे दोन चौरस मीटर तापणारा पृष्ठभाग लागतो. त्याचे तोंड दक्षिणेस असावे आणि हिवाळ्यातील तिरप्या उन्हासाठी त्यास ३० ते ३५ अंशांचा उतार द्यावा. भरलेल्या टाकीतील पाण्याचेच वजन १०० किलो असते. कौलारू वा पत्र्याच्या घरावर ती चढविण्यापेक्षा अंगणात, सावली न पडेल अशा जागी, पक्का ओटा बांधून तीवर ठेवावी.

बसविताना बहुधा एक चूक होते. टाकी सोयीच्या जागी आणि न्हाणी दुसऱ्या टोकास, अशी मांडणी केली जाते. १५ मिलिमीटर व्यासाच्या २० मीटर नळीत साडेतीन लिटर पाणी राहते. ते थंड झालेले असते, म्हणून प्रत्येक आंघोळीपूर्वी सोडून दिले जाते, आणि शेवटच्या आंघोळीनंतर तेवढेच ऊन पाणी नळीत अडकून निवते. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवावे, आणि सर्वांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक उरकाव्यात. टाकीतील पाणी सायंकाळी सर्वांत ऊन असते. शेतावरून परतल्यावर आंघोळ करणाऱ्यास याचा लाभ अधिक.

विजेच्या कांडीने याच कामास सुमारे अडीच युनिटे लागतात. उष्णता वाया जात नाही, पण कांडी चालू असता पाण्यात बोट घालून ते तापले का हे पाहण्याची सवय जिवावर बेतते. आधी बटन बंद करून मगच पाण्यास हात लावावा.

आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले म्हणजे सौर बंब पुरा पडत नाही. तेवढ्या दिवसांसाठी तांब्याचा बंब मोडीत न घालता राहू द्यावा, आणि त्याच्या पऱ्हाट्या मृगापूर्वीच तोडून आढ्याखाली कोरड्या जागी रचून ठेवाव्यात.