परकीय खलनायकाची घडण : कुस्तीच्या रिंगणातील दोन उदाहरणे

व्यावसायिक फ्री-स्टाइल कुस्तीचा निकाल बहुधा पूर्वनियोजित असतो. त्यामुळे क्रीडाप्रकारापेक्षा प्रयोगरूप कला म्हणून तिचा विचार करणे अधिक फलदायी ठरते. रोलाँ बार्थ यांनी 1957 मधील 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात मल्लाचा देहच त्याच्या नैतिक भूमिकेचे चिन्ह असतो, असे दाखवून दिले. मात्र 'परकीय' हे चिन्ह देहात नसते. ते प्रेक्षकसापेक्ष असते.

मातीतील कुस्तीत या भूमिकेला फारसा वाव नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात पंजाबचे मल्लही उतरत. पंजाबचा मल्ल तेथे प्रतिस्पर्धी असे, खलनायक नव्हे. त्याची ओळख वस्ताद, तालीम आणि डाव यांवरून होई.

स्वातंत्र्योत्तर मुंबईत लोकप्रिय झालेल्या फ्री-स्टाइल कुस्त्यांत ही रचना बदलली. दारासिंग यांचा गाजलेला प्रतिस्पर्धी 'किंग काँग' म्हणजे एमिल चाया (1909–1970). त्याचा जन्म आज रुमानियात असलेल्या ब्राशोव्ह येथे झाला. त्याची कारकीर्द मुख्यतः आशियात घडली आणि मृत्यू सिंगापूर येथे झाला. अवाढव्य शरीर आणि 1933 च्या अमेरिकी चित्रपटाने परिचित केलेले वानराचे नाव, एवढीच त्याच्या भूमिकेची सामग्री होती. पोवाड्यातही नायकाच्या पराक्रमाला उठाव यावा म्हणून शत्रूचे बळ वाढवून सांगितले जाते. परंतु पोवाड्यातील अफजलखानाला दरबार आहे, हेतू आहे, इतिहास आहे. किंग काँगला यांपैकी काहीच नाही. तो कोणत्याही विशिष्ट राष्ट्राचा प्रतिनिधी नव्हता. म्हणूनच नुकत्याच स्वतंत्र झालेल्या प्रेक्षकाला त्याच्या ठिकाणी कोणतीही परकी सत्ता कल्पिता येत असे.

याची उलट प्रतिमा टायगर जीत सिंग यांच्या कारकिर्दीत आढळते. पंजाबात 1944 मध्ये जन्मलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले हे मल्ल 1973 पासून जपानमध्ये आंतोनिओ इनोकी यांचे शत्रू म्हणून गाजले. त्याच वर्षी तोक्योच्या शिंजुकू भागात भररस्त्यात इनोकींवर झालेल्या त्यांच्या हल्ल्याने रिंगणाची सीमाच पुसली. पगडी आणि दातांत धरलेली तलवार ही त्यांची ओळखचिन्हे होती. जी वस्तू स्वसमाजात श्रद्धेची आणि मानाची, तीच येथे भीतीची खूण झाली. मात्र 2010 मध्ये कॅनडातील मिल्टन येथे त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तेथे तेच नाव समाजसेवेच्या गौरवाचे ठरले.

दोन्ही उदाहरणांत भूमिका एकच असली, तरी तिची किंमत सारखी नाही. चायाचे मूळ भूमिकेत लोपले. त्याची जन्मभूमी प्रेक्षकाच्या लेखी अप्रस्तुत होती, त्यामुळे त्याच्या खलत्वाचा डाग कोणत्याही समाजाला लागला नाही. जीत सिंग यांच्या बाबतीत मूळ हीच भूमिका होती. त्यांनी पत्करलेले खलत्व त्यांच्या समाजाच्या चिन्हांवरही आरोपित झाले. परकीय खलनायकाचा तौलनिक अभ्यास करताना तो कोठून आला, याबरोबरच त्याचे 'कोठून' प्रयोगात कितपत वापरले गेले, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.