बोटभर नोझलचा संसार

केक दाराबाहेर पडला की घरातली सगळी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून टीव्हीसमोर बसतात. केक करणारीचं काम मात्र तेव्हा निम्मंच झालेलं असतं. ओट्यावर क्रीमने बरबटलेल्या पिशव्या, रंगाच्या वाट्या आणि सिंकमधल्या पातेल्यात बुडालेली दहा-बारा नोझल्स. शिंप्याच्या बोटातल्या टोपणाएवढी ती धातूची शंकूच्या आकाराची वस्तू. कुणाच्या तोंडाशी चांदणी, कुणाच्या तोंडाशी पाकळीसारखी फट, कुणाला सुई जेमतेम जाईल एवढंच भोक.

खरं तर हा प्रकार आपल्याला नवा नाही. चकलीचा सोऱ्या आठवा. चांदणीची चकती घातली की चकलीला काटे येतात, बारीक भोकांची घातली की शेव पडते. दिवाळी उरकली की माझी आजी त्या चकत्या रात्रभर पाण्यात टाकून ठेवायची. आम्ही पोरं खराट्याची काडी घेऊन भोकं कोरायला बसलो की ओरडायची, “अगं, पीठ फुगू दे, आपोआप सुटेल.” केकच्या क्लासमध्ये पैसे भरून मी जे शिकले, त्यातलं निम्मं या एका वाक्यात होतं. पण ते कळायला एक वाढदिवस बिघडावा लागला.

आमचं बोईसर तसं मिसळीचं गाव. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे आली. साहजिकच केकची गिऱ्हाइकंही तशीच. नाताळात वसई-पालघरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांकडून पांढऱ्याशुभ्र आयसिंगच्या केकला मागणी येते, तर गुजराती-मारवाडी घरांतून पहिला प्रश्न असतो, “अंड्याशिवाय आहे ना?” पांढऱ्याशुभ्र, टणक होणाऱ्या त्या रॉयल आयसिंगमध्ये परंपरेने अंड्याचा पांढरा बलक असतो. (पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याविना रॉयल आयसिंग वापरून मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती उभारली, त्याची बातमी २०२२मध्ये सगळ्यांनी वाचली असेल. आमच्या स्वयंपाकघरात मात्र तेव्हा बलकच चाले.)

तर त्या डिसेंबरात नाताळचा केक दिला आणि दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या जैन कुटुंबातल्या नातवाचा वाढदिवस आला. हिरव्या पानांचा केक हवा होता. पानाचं नोझल पिशवीत घातलं, दोन-तीन पानं काढली आणि क्रीम अडलं. सवयीने टाचणी घातली. टुपकन एक पांढरा, कडक कण हिरव्या पानावर येऊन बसला. तो काय आहे हे मला बघताक्षणी कळलं. नोझलच्या आतल्या जोडाच्या रेषेत तो दोन दिवस लपून बसला होता.

घरात मतं पडलीच. “तेवढं पान काढून टाक, कुणाला कळणार आहे?” मोह झाला, खोटं कशाला बोलू? संध्याकाळचे पाच वाजले होते आणि सहाला मुलं जमणार होती. पण ज्या बाई चातुर्मासात कांदा-बटाटा ताटात येऊ देत नाहीत, त्यांना मी तो केक कसा खाऊ घालणार? खाली जाऊन सांगितलं. बा क्षणभर गप्प राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, “सांगितलंस ते चांगलं केलंस.” त्या मुलाने त्या दिवशी केकऐवजी मोहनथाळ कापला. त्याचं पडलेलं तोंड आजही डोळ्यांसमोर येतं.

त्या रात्री सगळी नोझल्स टेबलावर ओतली आणि एकेक उजेडासमोर धरली. नऊ जणांच्या पोटात काही ना काही होतंच. शिवाय चार गंजलेली.

हे गंजाचं मात्र मला कोडं होतं. आमच्याच औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचे सळ्या-तारांचे कारखाने, नवराही त्याच क्षेत्रातला, आणि आमच्याच घरात गंज? त्याने फ्रिजवरचं चुंबक आणून चारही नोझल्सना लावलं. खटकन चिकटलं. “हा साधा पत्रा आहे, वर नुसता मुलामा,” तो म्हणाला. (चुंबकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, काही जातींचं चांगलं स्टेनलेसही चिकटतं. पण चिकटलं आणि गंजलंही, तर मग शंका नको.) स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आपल्या चांगल्या भांड्यांत अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. हवा लागली की त्या क्रोमियमची डोळ्यांना न दिसणारी पातळ साय धातूवर धरते आणि तीच त्याला राखते. साय ओरखडली तरी पुन्हा धरते. मात्र मीठ आणि क्लोरिन तिचे वैरी. आमच्याकडे खारं वारं बारा महिने, पावसाळ्यात तर भिंतीही ओल्या. म्हणून ब्लीचचं पाणी नोझलला लावायचं नाही. लोखंडी तारेच्या घासणीने घासायचं नाही, कारण तिचे कण मागे राहतात आणि तेच पहिल्यांदा गंजतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ओलं नोझल डब्यात बंद करायचं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. पिशवीतून नोझल काढलं की लगेच पाण्यात. वाळू द्यायचंच नाही. पण पाणी कसलं, ते आत काय आहे त्यावर. लोण्याचं क्रीम किंवा चॉकलेट असेल तर कडकडीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे चरबी वितळून सुटते. बलकाचं आयसिंग असेल तर आधी साधं पाणी. अंड्याची थाळी गरम पाण्याने धुतली की बलक शिजून कसा चिकटतो, ठाऊक आहे ना? तसंच. अर्ध्या तासाने बारीक ब्रश रुंद बाजूने आत घालून फिरवायचा. बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या बुचाचा ब्रश यासाठी नामी. सुरीचं टोक, टाचणी तोंडाशी कधीच नाही. चांदणीचा एक दात वाकला की प्रत्येक फुलाला तेच व्यंग येतं. आणि हे सगळं गाळणीत ठेवूनच करायचं. माझी दोन नोझल्स मोरीच्या जाळीतून कधी गेली, पत्ता लागला नाही.

धुतल्यावर झटकून फडक्यावर ठेवते आणि मग नुकत्याच बंद केलेल्या, कोमट ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. प्लॅस्टिकचे जोड आणि झाकणं मात्र बाहेरच वाळवायची. पावसाळ्यात डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकते. तिने फार ओल शोषली जाते असं नाही, पण मिठाच्या बरणीत आईही टाकायची.

ठेवण्याची गंमत वेगळीच. प्रत्येक नोझलवर क्रमांक कोरलेला असतो. १०४ म्हणजे गुलाबाची पाकळी, ३५२ म्हणजे पान. सुरुवातीला मी क्रमांकवार लावली होती. दिसायला सुरेख, पण घाईच्या वेळी क्रमांक आठवतो कुणाला? आपल्याला हवं असतं पान. आता खणाखणांच्या डब्यात आकारवार ठेवते: गोल एकीकडे, चांदण्या एकीकडे, पाकळ्या, पानं. आईच्या मिसळणाच्या डब्यात हळदीची वाटी कुठली हे तिला अंधारातही कळायचं, तसं. एक खण रिकामा ठेवलाय, धुतलेलं पण अजून तपासायचं असेल त्यासाठी.

आणि अंड्याविनाच्या केकसाठी संपूर्ण वेगळा संच, वेगळा डबा, वेगळा ब्रश. तो विकत घेताना जोड नसलेली, एकसंध नोझल्स मुद्दाम शोधली. महाग पडली. डब्याच्या झाकणावर हिरवा ठिपका काढला.

पुढच्या डिसेंबरात बा स्वतःच जिना चढून वर आल्या. नातवाला केक हवाच होता. “डबा दाखव,” म्हणाल्या. चष्मा चढवून खिडकीशी बसल्या आणि एकेक नोझल डोळ्याला लावून उजेडात बघू लागल्या. सोळा नोझल्स. मी चहा ठेवला, तोवर पंधरा बघून झाली होती. सोळावं त्यांनी दोनदा फिरवून बघितलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“हे परत धू.”