माणसाच्या हातचा ठेका

फिलाडेल्फियाच्या 'द रूट्स' या बँडचा 'डू यू वाँट मोअर' हा अल्बम १७ जानेवारी १९९५ रोजी बाजारात आला. रॅप म्हणजे यंत्रावर गोल फिरणारा तालाचा तुकडा आणि त्यावर बोलणारा माणूस, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. या अल्बममध्ये मात्र दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डमधून उचललेला एकही तुकडा नाही. ड्रम, बास, कीबोर्ड, सॅक्सोफोन, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, सगळं माणसांनी वाजवलेलं आहे आणि त्यावर तारिक ट्रॉटर ऊर्फ ब्लॅक थॉट आणि मलिक बी. हे दोघे बोलत राहतात. ठेका धरणारा आणि शब्द टाकणारा एकमेकांकडे बघत काम करतायत, हे ऐकताना जाणवतं.

तीस वर्षांपूर्वीच्या या अमेरिकन अल्बमबद्दल बीडच्या वाचकांसाठी लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. आपल्याकडची पोरं आता मराठीत रॅप करतात, घरच्या बोलीत करतात. पण ठेका बहुतेक वेळा इंटरनेटवरून उतरवून घेतलेला असतो. तो कुणी अनोळखी माणसाने बनवलेला असतो आणि तोच ठेका आणखी कितीजण वापरत असतात. त्याच वेळी पंचक्रोशीत पखवाज, हलगी, संबळ आणि लग्नाच्या बँडमधलं ट्रम्पेट वाजवणारी माणसं राहत असतात. या दोघांची गाठ पडावी असं मला मनापासून वाटतं. ती कशी पडू शकते, याचा धडा 'रूट्स'च्या अल्बममध्ये आहे.

आधी यंत्राची गोष्ट थोडक्यात. ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने बहिणीच्या कार्यक्रमात रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला जो भाग फक्त तालवाद्यांचा असतो, तिथे लोक बेभान होऊन नाचतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो हा भाग लांबवत नेऊ लागला. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं गाजलं तेव्हा तुकडे कापणारी यंत्रं स्टुडिओत रुळलेली नव्हती, त्यामुळे त्यातला ठेका चक्क वादकांनी बसून वाजवला होता. यंत्रं आली ती नंतर. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तर जुन्या रेकॉर्डमधून दोन-चार सेकंद उचलायचे आणि फिरवत ठेवायचे, हीच रीत झाली. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना उचलेगिरीला चोरी ठरवलं, आणि तुकडे वापरणं महाग पडू लागलं.

याच सुमारास रॅप करणारी पिढी आपल्या बापांच्या कपाटातल्या जॅझ रेकॉर्डींकडे वळली होती. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' यांनी १९९१ च्या अल्बममध्ये थोर जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात बास वाजवलेल्या रॉन कार्टर यांनाच एका गाण्यात वाजवायला बोलावलं. १९९३ मध्ये गुरू नावाच्या रॅपरने 'जॅझमॅटॅझ' काढला. त्यात डोनाल्ड बर्डचं ट्रम्पेट आणि रॉय आयर्सचं व्हायब्राफोन होतं. पण हे पाहुणे होते. घरातच वादक असलेला बँड म्हणजे 'रूट्स'.

अमीर थॉम्पसन ऊर्फ क्वेस्टलव्ह आणि तारिक ट्रॉटर फिलाडेल्फियातल्या कलाशिक्षणाच्या सरकारी शाळेत भेटले. १९८७ पासून ते बरोबर आहेत. सुरुवातीला साउथ स्ट्रीटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे, क्वेस्टलव्ह बादलीवर ताल धरायचा आणि तारिक बोलायचा. क्वेस्टलव्हचे वडील ली अँड्र्यूज पन्नासच्या दशकातले गायक. पोरगा वडिलांच्या दौऱ्यांमध्येच वाढला, ड्रम वाजवायला तिथेच शिकला. आपल्याकडे कीर्तनकाराबरोबर फिरणाऱ्या मृदंग्याचं पोर जसं तयार होतं, तसाच हा तयार झाला. या मुलाचा कान मात्र रेकॉर्डींवर वाढलेला. म्हणून या अल्बममध्ये तो ड्रम असा आवळून, कोरडा वाजवतो की आधी वाटतं यंत्रच आहे. मग दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तो एक आघात हलकेच गाळतो, आणि यंत्राला हे सुचणार नाही हे लक्षात येतं.

बास लिओनार्ड हबर्डचा. सॅक्सोफोनवर स्टीव्ह कोलमन आणि कॉर्नेटवर ग्रॅहम हेन्स, म्हणजे न्यूयॉर्कच्या तत्कालीन जॅझमधली अव्वल माणसं. हे ग्रॅहम हेन्स थोर ड्रमवादक रॉय हेन्स यांचे चिरंजीव. गायिका कसांड्रा विल्सनही आहेत. आणि शीर्षकगीतात चक्क बॅगपाइप आहे, रूफस हार्ली यांचा. हार्ली हे फिलाडेल्फियाचेच कृष्णवर्णीय जॅझवादक. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या अंत्ययात्रेतला बॅगपाइप त्यांनी ऐकला आणि ते त्या वाद्यामागे लागले. लोकांनी स्कॉटिश मिरवणुकीचं म्हणून बाजूला ठेवलेलं वाद्य त्यांनी जॅझमध्ये आणलं, आणि तिथून ते रॅपमध्ये आलं. एखादं वाद्य अमुक एका प्रसंगाशी बांधलं गेलं असलं तरी त्याला तिथेच मरायची सक्ती नसते. हा मुद्दा पुढे हलगीपाशी पुन्हा येणार आहे.

या अल्बममधलं 'एसेव्ह्यूमन' हे गाणं आपल्या माणसाने जरूर ऐकावं. ते प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालं. ब्लॅक थॉट तोंडाने काही बोल टाकतो आणि वादक ते वाद्यावर परत देतात. मग बोल गुंतागुंतीचे होतात, उत्तरंही तशीच येतात. तमाशातला सवाल-जवाब ऐकलेल्या कानाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. रॅहझेल नावाचा एक कलाकारही या बँडबरोबर होता. तो नुसत्या ओठ, जीभ आणि घशाने अख्खा ड्रमसेट उभा करायचा. अमेरिकेत त्याचं केवढं अप्रूप! आणि आपला पखवाजी परण, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, वाजवण्याआधी ती तोंडाने म्हणून दाखवतो, धा आणि किट आणि तक आणि गदिगन, हाताने ताल देत, श्वास न तोडता. त्याला आपण पढंत म्हणतो.

पखवाज म्हटलं की बीड जिल्ह्याला बाहेर कुठे जायला नको. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर हे देशातल्या नामवंत पखवाजवादकांपैकी एक. त्यांचे पुत्र उद्धवबापू यांनी तोच वारसा चालवला. ही परंपरा वारकरी भजनातून आली आणि शास्त्रीय संगीताच्या मंचावर गेली. म्हणजे एका बाजूला ध्रुपद आणि दुसऱ्या बाजूला सप्ताहातलं कीर्तन, दोन्हीकडे तेच वाद्य. वाद्य तेच असलं तरी कीर्तनातला वादक वेगळं काम करतो, आणि रॅपच्या दृष्टीने मला तेच महत्त्वाचं वाटतं.

कीर्तनात मृदंगी, म्हणजे हाच पखवाज वाजवणारा, कीर्तनकार महाराजांच्या तोंडाकडे बघत असतो. महाराज अभंगाचं चरण सोडून दृष्टांताकडे वळले की मृदंग थांबतो. नुसतं बोलणं चालू राहतं. पण त्या बोलण्यालाही लय असते, आणि ती कुठे वळणार हे मृदंग्याला आधी कळतं. महाराजांनी शेवटचा शब्द टाकला रे टाकला की थाप पडते आणि टाळकरी चरण उचलतात. गजराकडे जाताना लय चढते, ती कुणी ठरवून दिलेली नसते. इंटरनेटवरच्या ठेक्याला हे जमणार नाही. तो मिनिटाला नव्वद ठोक्यांनी सुरू झाला तर नव्वदनेच संपतो. बोलणाऱ्याचा घसा दाटून आला, त्याला एक ओळ रेंगाळत म्हणावीशी वाटली, तर त्याला थांबता येत नाही, कारण ठेका पुढे निघून गेलेला असतो. मग तो ओळच आखूड करतो. ठेक्यात बसावी म्हणून कापलेली ओळ मला मराठी रॅपमध्ये फार वेळा ऐकू येते, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

जॅझ इथे नेमकं काय देतं? जॅझमध्ये वादकाला ठरलेल्या चौकटीत त्या क्षणी सुचेल ते वाजवायची मुभा असते, आणि बाकीच्यांनी ते ऐकून त्याला उत्तर द्यायचं असतं. रॅपरला असा वादक मिळाला की त्याच्या शब्दांना श्रोता आधी स्टुडिओतच मिळतो.

जॅझ महाराष्ट्राला परकं नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजू लागला. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत आत्मसात केलं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेव्हियर वाझ, हे त्यांतलं मोठं नाव. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांनी त्यांना आपल्याबरोबर घेतलं. १९५१ च्या त्यांच्या 'अलबेला' चित्रपटातली नाचाची गाणी आजही लग्नांत वाजतात. त्यांतल्या जॅझच्या झुळकीमागे अशा गोमंतकीय वादकांचा हात होता. त्यांची नावं मात्र पडद्यावर क्वचितच झळकली. ही चूक पुन्हा होऊ नये.

शब्दाची बाजू तर मराठवाड्यात कधीच कमी नव्हती. शाहिरीत डफ, तुणतुणं आणि झीलकरी असतात, कवन रचणारा शेवटी स्वतःचं नाव गुंफतो, आणि सत्तेला तोंडावर प्रश्न विचारतो. २०१२ मध्ये आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आठवा. संकल्पना, गीतं आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, लेखन जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडे यांचं आणि दिग्दर्शन आपल्या गेवराईच्या नंदू माधव यांचं. रंगमंचावर गाणी जिवंत वाजत, आणि त्यांतली तालबद्ध शाब्दिक चढाई रॅपपासून हातभरही लांब नव्हती. आज 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाने मराठी रॅप देशभर पोहोचवलं आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, त्याच गटातून पुढे आला. याच गटाच्या २०१९ मधल्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि तो आवाज येताच गाण्याखाली जमीन आल्यासारखी वाटते.

पण जिवंत वाद्यवृंदासह रॅपचं सर्वांत धाडसी भारतीय उदाहरण चेन्नईचं आहे. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'चा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये झाला. 'गाना' हा चेन्नईच्या वस्त्यांतला गीतप्रकार गाणारे गायक, रॅपर, ड्रम, गिटार आणि पराई हे चामड्याचं वाद्य, सगळे एका मंचावर. पराई ही मयतीला वाजवायची, आणि ती दलितांनीच वाजवायची, अशी सक्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. तेच वाद्य त्यांनी अभिमानाने पुढे आणलं.

हलगीच्या बाबतीत आपल्यालाही हा विचार टाळून चालणार नाही. हलगी वाजवणं हे काही जातींवर लादलेलं गावकीचं काम होतं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी ते हेतुपुरस्सर सोडलं, आणि बरोबरच केलं. आता कुणी हौशी रॅपर गावरान आवाज हवा म्हणून हलगीवाल्याला दोनशे रुपये देऊन बसवणार असेल, तर तो अल्बम न झालेला बरा. वादक बँडचा सदस्य हवा. त्याचं नाव गाण्यावर हवं, आणि गाण्यातून जे काही मिळेल त्यात वाटा हवा. हे मान्य असेल तरच हलगीची ती कडाडणारी, छातीत घुसणारी थाप आपली म्हणता येईल.

बीडमध्ये हा बँड कसा दिसेल, याचा मी गंभीरपणे विचार केला आहे. खालचा, घुमणारा आवाज पखवाजाचा. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावून खर्ज खोल करता येतो, आणि उजवं तोंड हव्या त्या स्वरात मिळवता येतं, म्हणून बासगिटार त्याच्याशी जुळतं. ड्रमसेटमधल्या कडक आघाताची जागा हलगीची. सूर धरायला पेटी आहेच. आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन? ते तालुक्याच्या गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये आहेत. न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ जन्मलं ते मिरवणुकांत आणि अंत्ययात्रांत वाजणाऱ्या अशाच पितळी वाद्यांच्या बँडमधून. विषय शोधायला कुठे जावं लागणार नाही. ऊसतोडीची उचल, मुकादम, टोळी, फडातली थंडी, मागे राहिलेल्या पोरांची शाळा, हे ज्याने घरात पाहिलंय त्याच्याकडे शब्द आहेत.

अडचणी खऱ्या आहेत. हलगीचा आवाज इतका मोठा की एकाच खोलीत वाजवली तर रॅपरच्या माइकमध्ये शब्दांपेक्षा हलगीच जास्त शिरते. म्हणून हलगीवाल्याला वेगळ्या खोलीत, पण काचेआड, रॅपरचं तोंड दिसेल असं बसवावं लागेल. नजरभेट तुटली की या सगळ्या खटाटोपाचं कारणच संपलं. लग्नसराईत बँडवाले मोकळे नसतात, आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात. दोघेही गावात सापडतात ते चातुर्मासात. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, तेव्हा प्रत्येक गाण्याआधी हलगी शेकून घ्यावी लागेल. तेवढ्या वेळात रॅपर आणि मृदंगी यांनी पुढच्या गाण्यात कुठे थांबायचं ते ठरवून घ्यावं.