घाटमाथ्यावरचा पाऊस आणि अमूर्ताचे रंग

कसाऱ्याहून थळ घाट चढून आलेली गाडी इगतपुरीला थांबते, तेव्हा मुंबईचा उकाडा मागे राहिलेला असतो. १८६५ साली हा लोहमार्ग खुला झाला आणि घाटमाथ्यावरचे हे लहानसे गाव व्यापाराच्या नकाशावर आले. शेजारच्या घोटीची भाताची बाजारपेठ, रेल्वेची वसाहत आणि नाशिक-मुंबई वाटेवरची उठबस यांच्या आधाराने येथे दुकाने थाटली गेली, कुटुंबे स्थिरावली. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या परिसरात आषाढापासून भाद्रपदापर्यंत डोंगर दिसेनासे होतात. समोर कळसूबाईची रांग आहे हे ठाऊक असते; डोळ्यांना मात्र दिसतो तो केवळ करडा, हिरवा आणि मध्येच उजळणारा पांढरा रंग. वस्तू विरघळून जाते आणि रंग शिल्लक राहतो. अमूर्त चित्रकला समजून घेण्यासाठी याहून सुगम पाठ क्वचितच सापडेल.

चातुर्मासात घराबाहेरची ये-जा कमी होते. दुपारचे दोन तास हाताशी राहतात. गेल्या काही वर्षांत अनेक घरांतील गृहिणी, विद्यार्थी आणि दुकान मुलांच्या हाती सोपवलेली ज्येष्ठ मंडळी या वेळात कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग घेऊन बसू लागली आहेत. कोणी रंगांचे पट्टे ओढतात, कोणी त्यावर कागद, कापड, सुतळी चिकटवून मिश्र माध्यमातील चित्र सिद्ध करतात. घरात येणारा पाहुणा मग ठरलेला प्रश्न विचारतो : "छान आहे, पण हे आहे काय?"

प्रश्नाचे उत्तर

या प्रश्नात उपहास असतोच असे नाही. व्यापारी मनाला मालाचे नाव कळल्यावाचून त्याचे मोल करता येत नाही, ही त्यामागची साधी गोष्ट. परंतु रांगोळीतील ठिपक्यांची जाळी पाहताना किंवा साडीच्या पदरावरील रंगसंगती पारखताना हाच ग्राहक "हे कशाचे चित्र आहे?" असे विचारत नाही. तेथे तो रंगांचे नाते, रेषेची लय, भरलेल्या आणि मोकळ्या जागेचा तोल पाहतो. अमूर्त चित्रही तेवढीच अपेक्षा बाळगते. युरोपात १९१० च्या सुमारास वासिली कँडिन्स्की यांच्यासारख्या चित्रकारांनी वस्तूचे अनुकरण सोडून हा मार्ग धरला, आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील चित्रकारांनी त्याला स्वतःचे रूप दिले.

त्यांत अग्रणी नाव वासुदेव गायतोंडे यांचे. १९२४ साली नागपुरात, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४८ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून त्यांनी पदविका घेतली. आरंभी आकृतिप्रधान असलेली त्यांची चित्रे हळूहळू आकृतीपासून दूर गेली. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे त्यांना अधिक पसंत होते. रोलर आणि रंगसुरी यांनी ते तैलरंगाचे थर एकावर एक चढवीत, काही ठिकाणी ते खरवडीत, वृत्तपत्रांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून त्यांचे ठसे उमटवीत. चित्रे मोजकीच होत, वर्षाला पाच-सहा. उरलेला काळ ते चिंतनात आणि शांतपणे पाहण्यात घालवीत. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. हयातीत प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या या चित्रकाराचे प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने भरवले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले होते.

दुसरे नाव मोहन सामंत यांचे. जन्मवर्ष तेच, १९२४. शाळा तीच, ज. जी.; वृत्ती मात्र अगदी निराळी. शंकर पळशीकरांच्या हाताखाली शिकून १९५२ मध्ये त्यांनी पदविका घेतली. १९६८ पासून ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि २००४ मध्ये तेथेच निवर्तले. सामंतांचा कॅनव्हास भरगच्च, उत्सवी असतो. ॲक्रिलिक, तैलरंग, वाळू, कापलेले कागद, वाकवून आकार दिलेली तार हे सारे एकाच चित्रात नांदते. ते सारंगीही वाजवीत. गायतोंडे यांनी एकेक गोष्ट वगळत मौन गाठले. सामंतांनी एकेक वस्तू जोडत नाद उभा केला. आज घरी बसून रंग हाताळणाऱ्या माणसासमोर हे दोन्ही मार्ग खुले आहेत, आणि आपला पिंड कोणता हे पहिल्या चार-सहा चित्रांतच कळू लागते.

परंपरेला अपरिचित नसलेली वाट

ही वाट पूर्णतः परकी आहे, असे जैन वाचकाला वाटण्याचे कारण नाही. कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्यांत लाल, पुढे गडद निळ्या, सपाट पार्श्वभूमीवर आकृत्या येतात. तेथे आकाशाचे वा भिंतीचे हुबेहूब चित्रण करण्याचा आग्रह नाही. कापडावरील जंबूद्वीपाच्या पटांत समुद्र आणि खंड एकात एक गुंतलेल्या वर्तुळांनी दाखवले जातात. सर्वांत विलक्षण आहे ती सिद्धांची प्रतिमा. धातूच्या पत्र्यातून मानवाकृती कापून काढलेली असते आणि जी पोकळी उरते तीच देहातीत आत्म्याचे रूप मानली जाते. जे दाखवता येत नाही त्यासाठी रिकामी जागा योजण्याचे हे धाडस आधुनिक चित्रकाराच्या कितीतरी आधीचे आहे.

इगतपुरीजवळ त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी जैन लेणे आहे. तेथील ऋषभनाथांच्या मूर्तीच्या पीठावर इ. स. १३४४ चा लेख असल्याची नोंद जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. पावसाळ्यात त्या लेण्याच्या भिंतींवर ओलीचे, शेवाळाचे, खनिजाचे थर दिसतात. थरांतून रंग कसा घडतो हे पाहण्यास चित्रकाराला यापेक्षा दूर जावे लागत नाही. मात्र तेथे हात न लावता केवळ पाहावे, हे वेगळे सांगणे नको.

पाण्यात मिसळणारा, पाण्याने न निघणारा रंग

ॲक्रिलिक हे वयाने तरुण माध्यम. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. रंगद्रव्याची पूड आणि तिला धरून ठेवणारे राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे एका थरावर दुसरा थर चढवताना खालचा रंग मळत नाही, हा त्याचा मोठा गुण. ओला असताना राळ दुधाळ दिसते आणि सुकल्यावर पारदर्शक होते. म्हणून रंग सुकल्यावर थोडा गडद होतो, हे ध्यानात ठेवावे.

कोरड्या हवेत पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत सुकतो. इगतपुरीच्या श्रावणात तोच थर बराच वेळ ओलसर राहतो, आणि जाड थराला आतून सुकण्यास कित्येक दिवस लागतात. घाई करून वर वार्निश लावल्यास ओल आत कोंडते आणि चित्रावर दुधाळ डाग राहतात. ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासच्या पाठीमागे बुरशी धरते. चित्र भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, खोलीत पंखा असावा, आणि वार्निशाचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावे.

रंगपेटीतील अहिंसा

ज्या घरात स्वयंपाकघरातील प्रत्येक पदार्थाचा उगम विचारला जातो, त्या घरात रंगपेटीचा उगमही विचारला जावा, हे ओघानेच आले. चित्रकलेचे पारंपरिक साहित्य या कसोटीवर पूर्ण उतरत नाही. कॅनव्हासवर लावला जाणारा जुना सरस ससे वा गुरे यांच्या कातड्यापासून बनतो. जलरंगाच्या अनेक उत्तम कागदांना जिलेटिनचा लेप असतो. 'आयव्हरी ब्लॅक' वा 'बोन ब्लॅक' हा काळा रंग प्राण्यांची हाडे जाळून मिळवतात. अस्सल 'कारमाइन' लाल कोचिनील नावाच्या किड्यांपासून येतो. कुंचल्यांत डुकराचे राठ केस, खारीचे वा मुंगूसवर्गीय प्राण्यांचे मऊ केस वापरले जातात. चपडा लाखही कीटकजन्यच.

समाधानाची बाब ही की या प्रत्येकाला पर्याय आहे. ॲक्रिलिकची राळ स्वतः कृत्रिम असते. सरसाच्या जागी ॲक्रिलिक जेसो लावता येतो. काळ्यासाठी लोहभस्मापासून होणारा 'मार्स ब्लॅक' किंवा काजळीचा 'कार्बन ब्लॅक' घ्यावा. नळीवर रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो : पीबीके ९ म्हणजे हाडांचा काळा, पीबीके ७ काजळीचा आणि पीबीके ११ लोहाचा. नाव काहीही असले तरी हा संकेत वाचून माल घ्यावा. मालाची पारख करणाऱ्या घराला ते अवघड नाही. नायलॉन वा टॅक्लॉनचे कुंचले ॲक्रिलिकसाठी केसांच्या कुंचल्यांहून अधिक टिकतात. शंका राहिल्यास निर्मात्याकडे लेखी विचारणा करावी.

एवढ्याने प्रश्न संपत नाही. ॲक्रिलिक हे अखेर प्लास्टिकच आहे. कुंचले धुतलेले पाणी मोरीत ओतले की रंगाचे कण ओढ्या-नाल्यांत जातात. आणि घाटमाथ्यावर पडलेले पाणी खाली किती गावांपर्यंत पोहोचते हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. कुंचला आधी चिंधीने पुसावा, मग थोड्या पाण्यात धुवावा. गाळ खाली बसू द्यावा, तो सुकवून कचऱ्यात टाकावा. भांडे उघडे ठेवू नये. उघड्या पाण्यात जीव पडतात, आणि चातुर्मासात या गोष्टीचे भान अधिकच राखले जाते. गरजेपुरताच रंग काढणे हे काटकसरीचेही आहे आणि संयमाचेही.

दुकानातून कॅनव्हासवर

१९१२ मध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी मेणकापडाचे व भिंतीच्या छापील कागदाचे तुकडे चित्रात चिकटवले आणि 'कोलाज' हा शब्द रूढ झाला. भारतात विनोदबिहारी मुखर्जी यांनी उतारवयात दृष्टी पूर्णपणे गेल्यानंतर कागद कापून, बोटांनी जागा चाचपून कोलाज केले. हातात कात्री धरण्यास कचरणाऱ्या कोणाही ज्येष्ठाने हे उदाहरण आठवावे.

व्यापारी घरात या कलेचे साहित्य विपुल असते. बारदानाचे तुकडे, सुतळी, कापडाच्या ठाणावरची लेबले, बाद झालेली पावतीपुस्तके, बांधणीचे जुने कागद, लग्नपत्रिका. बारदान आधी धुऊन वाळवावे आणि जेसोचा हात द्यावा, म्हणजे ते रंग पिऊन टाकणार नाही. चिकटवण्यासाठी ॲक्रिलिकचेच मिडियम उत्तम. ते तुकड्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे लावून मधली हवा बोटाने बाहेर काढावी. वृत्तपत्राचा कागद आम्लामुळे काही वर्षांतच पिवळा व ठिसूळ होतो. शाईच्या मजकुरावर ओले मिडियम लावताच अक्षरे पसरू शकतात, म्हणून आधी कोपऱ्यावर चाचणी घ्यावी. ज्या घरात रेशीम वर्ज्य आहे तेथे झळाळीसाठी सुती कापडावर सोनेरी ॲक्रिलिकचा हात पुरतो.

सर्वांत नाजूक प्रश्न जुन्या चोपड्यांचा. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावरचे कुंकवाचे स्वस्तिक आणि 'शुभ-लाभ', मोडी, गुजराती वा मारवाडी वळणाची अक्षरे, रोजकीर्द आणि खतावणीचे रकाने. चित्रासाठी याहून सुंदर पान कोणते? नेमके म्हणूनच ते कापण्याचा मोह होतो. पण आजोबांच्या हातची वही एकच असते. कोणत्या गावी कोणाशी व्यवहार होता, दुष्काळात किती उधारी सोडून दिली, घरातील लग्नाला किती खर्च आला, हा कुटुंबाचा इतिहास दुसरीकडे लिहिलेला नसतो. ती लिपी वाचू शकणारी माणसेही विरळ होत चालली आहेत. मूळ पान जपावे, त्याची छायाप्रत साध्या, आम्लरहित कागदावर काढावी आणि ती प्रत चित्रात योजावी. प्रतीवरील नावे आणि रकमा रंगाच्या थराखाली झाकता येतात, त्यामुळे कोणाचा जुना व्यवहार भिंतीवर उघडा पडत नाही. चित्राच्या निमित्ताने वही माळ्यावरून खाली आली, एखाद्या जाणत्याने दोन पाने वाचून दाखवली, तर चित्राआधीच मोठे काम झाले असे म्हणावे.

घरातील स्थान

अनेक घरांत चित्रकला ही लग्नापूर्वीची हौस मानली जाते. पुढे संसार, दुकान, पाहुणे यांच्या रहाटगाडग्यात रंग सुकून जातात. एका चित्राला लागतो तो दोन फूट कॅनव्हास, पाच-सहा रंगांच्या नळ्या, दोन कुंचले आणि इतरांनी न मोडलेले दोन तास. यातील पहिल्या तीन गोष्टी दुकानात मिळतात. चौथी घरच्यांनाच द्यावी लागते. ती देताना "विकले जाणार आहे का?" हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा. गायतोंडे यांच्या चित्रांना कोटींचा भाव आला तो त्यांच्या मृत्यूनंतर. चित्र काढताना त्यांच्यापुढे असे तो केवळ पुढचा थर.

आरंभ करणाऱ्याने लहान कॅनव्हास घ्यावा. तीनच रंग निवडावेत, त्यांत एक पांढरा असावा. पहिला थर सुकेपर्यंत खिडकीतून पाऊस पाहावा. ढग उतरल्यावर डोंगराचा कोणता भाग आधी नाहीसा होतो, कोणता रंग शेवटपर्यंत टिकतो, हे लक्षात घ्यावे आणि मगच दुसऱ्या थरासाठी कुंचला उचलावा.